गारवाफा

वैशाख पौर्णिमेला हरणबागेच्या फाटकाशी बादल्यांची रांग लागते, हे आता शहरात कोणाला सांगावं लागत नाही. निळ्या बादल्या, पिवळ्या बादल्या, एखादं पितळी घंगाळ, आणि गेल्या वर्षी तर चक्क बाळाला न्हाऊ घालायचा टब. प्रत्येकात एकेक कासव. पाठीवर हळदकुंकू, कानामागे लाल पट्टा आणि चेहरा लग्नाच्या गर्दीत हरवलेल्या पाहुण्यासारखा. कूर्मजयंतीला कासव पाण्यात सोडलं की घरातली पीडा जाते, असं कोणीतरी कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि लोकांनी ते फारच मनावर घेतलं होतं.

फाटकाच्या आत टेबल टाकून उज्ज्वला भोई बसली होती. वय पंचावन्न, आवाज खणखणीत आणि या तळ्यावर नोकरीची बावीस वर्षं झालेली. ओळखपत्रावर 'तळेप्रमुख' असं भारदस्त नाव असलं, तरी फिरायला येणारी मंडळी तिला कासवबाई म्हणत, आणि तीही खुशाल ओ देई. तिच्या आजोबांनी नदीवर जाळी टाकली, वडिलांनी धरणावर. तिच्या वाट्याला जुन्या दगडखाणीत साठलेलं हे आठ एकरांचं तळं आलं, आणि तिनं ते घरच्यासारखं सांभाळलं.

रांगेतलं पहिलं जोडपं बादली हातातून सोडायला तयार होईना. मुलाच्या परीक्षेच्या वर्षी त्यांनी हे कासव आणलं होतं, उत्तरेकडे तोंड करून काचपेटीत ठेवलं होतं. मुलगा पास होऊन बंगळुरूला गेला आणि कासव मात्र ताटाएवढं होऊन बसलं. आता ते आपल्या हातानं तळ्यात सोडायचं, अशी त्या बाईंची फार इच्छा होती.

"पुण्य इथं टेबलावरच लागतं, ताई," उज्ज्वला म्हणाली. "पाण्यात सोडलंत तर ते पुढं मला निस्तरावं लागतं."

बाई हसल्या आणि बादली टेबलावर आली. उज्ज्वलानं कासवाच्या पाठीवरचं कुंकू ओल्या फडक्यानं हळूच पुसलं, त्याला वजनकाट्यावर ठेवलं, आणि मागच्या परतघरात पाठवून दिलं. परतघर म्हणजे बागेच्या कडेला बांधलेले तीन मोठे हौद. पाळलेलं कासव नकोसं झालं की तिथं आणून द्यायचं, कोणी नाव विचारत नाही, कोणी दंड करत नाही. ही कल्पना उज्ज्वलाचीच. लोक कासवं चोरून सोडतात ते लाजेपोटी, तर लाजच काढून टाकू, असा तिचा साधा हिशोब होता आणि तो बराचसा बरोबर निघाला होता.

बराचसाच, कारण आधीची पंचवीस वर्षं लोकांनी जी सोडली ती पाण्यातच होती. हे लाल कानाचं कासव मूळचं सातासमुद्रापारचं. दुकानात नाण्याएवढं, हिरवंगार, बघताक्षणी घ्यावंसं वाटणारं. घरी आलं की खात सुटतं, वास मारू लागतं, आणि चाळीस वर्षं जगतं. तळ्यात पडल्यावर तर त्याला रानच मोकळं. आपलं देशी काळं कासव लाजरंबुजरं. लाल कानवाल्यांनी ऊन खायच्या दगडांवरून त्यांना ढकलून दिलं, त्यांचं खाणं पळवलं आणि बघता बघता शहरातल्या बाकीच्या सगळ्या तळ्यांमधून काळी कासवं नाहीशी झाली. हरणबागेत तेवढी अकरा उरली होती.

पूर्वी एका हुशार अधिकाऱ्यानं परदेशी अंडी उकरून उकळत्या पाण्यात टाकायचा हुकूम काढला होता. आता बागेच्या फाटकासमोरच महादेवाचं देऊळ. नंदीपुढे दगडी कासव, आणि त्याच्या पाठीला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय कोणी गाभाऱ्याकडे वळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी पेठ तळ्यावर येऊन बसली. हुकूम गेला, अधिकारीही गेला, कासवं तेवढी राहिली.

मग पाच वर्षांपूर्वी आला गारवाफा. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे आईबापांकडून ठरून येत नाही, वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू सव्वीस अंशांच्या आसपास राहिली तर सगळे नर, एकतीसच्या वर गेली तर सगळ्या माद्या. उन्हाळे वाढत चालले तशा सगळ्या माद्याच निपजू लागल्या होत्या आणि परदेशी कासवं झपाट्यानं वाढत होती. तेव्हा काठावर वाळूचे बारा वाफे केले, खाली बारीक नळ्या घातल्या, त्यातून थंड पाणी खेळवलं आणि वाळू अष्टौप्रहर सव्वीस अंशांवर धरून ठेवली. बाकीच्या काठाला बुटकी जाळी मारली, म्हणजे अंडी घालायला वर चढणाऱ्या कासवीला वाफ्याखेरीज जागाच नाही. कोणाला मारायचं नाही, कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीत. फक्त नर जन्मतील, ते आपलं आयुष्य काढतील, आणि वीस-पंचवीस वर्षांत तळं पुन्हा काळ्या कासवांचं होईल. उज्ज्वलाला ही युक्ती एवढी आवडली होती, की पहिल्या वर्षी वाफ्यातून पिल्लं बाहेर पडली तेव्हा तिनं स्वतः पेढे आणले. "सगळे मुलगे झाले हो!" म्हणत बागेतल्या माळ्यांना, झाडणाऱ्या बायकांना, पहारेकऱ्यांना वाटले. वाफ्यावर पाटीही लावली, 'गारवाफा : येथे फक्त नर'. सगळे हसले होते.

आणि तरीही गेली दोन वर्षं पिल्लांमध्ये माद्या सापडत होत्या. आधी तीन, मग गेल्या वर्षी सहा. कोणीतरी घरची पिल्लं आणून सोडली असतील, असं उज्ज्वलानं कळवलं. देखरेख समितीचे डॉक्टर वझे यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. तिसऱ्या वर्षीही माद्या निघाल्या, तर उपाय फसला असं धरून तळं कोरडं करण्यात येईल. गाळ काढून, तळाला अस्तर लावून, कारंज्याचं स्वच्छ तळं बांधतील. देशी कासवं 'अन्यत्र हलवण्यात येतील' असंही लिहिलं होतं. हे अन्यत्र कुठे, ते वझ्यांनाही ठाऊक नव्हतं. ते येत्या शुक्रवारी येणार होते.

बादल्यांची रांग संपल्यावर दुपारी उज्ज्वला प्रयोगखोलीत गेली. या मोसमातली लाल कानाची एक्केचाळीस पिल्लं ट्रेमध्ये वळवळत होती. थेंबयंत्रावर एकेकाच्या रक्ताचा टिपका ठेवायचा, निळा दिवा लागला तर नर, लाल लागला तर मादी. छत्तीस निळे लागले. पाच लाल. उज्ज्वला खुर्चीत मागे टेकली आणि तिनं स्वतःलाच एक शिवी दिली.

पण यंदा यंत्रात एक नवी सोय आली होती. पिल्लाच्या पोटाकडच्या कवचाचा कणभर कीस घातला, की अंड्यात असताना त्याला कोणत्या दिवशी किती ऊब मिळाली, त्याची रेघ पडद्यावर उमटायची. सगळे तिला ऊबरेघ म्हणत. गारवाफ्यातल्या पिल्लांची रेघ खाली सव्वीसवर, सपाट. उघड्या मातीतल्या अंड्याची रेघ करवतीच्या दात्यांसारखी असणार, कारण माती दिवसा तापते आणि पहाटे निवते. घरातल्या पेटीत अंडी उबवली असती, तरी दिवा चालूबंद केल्याचे खड्डे दिसले असते. या पाचही पिल्लांची रेघ तेहतीस अंशांवर होती, आणि ती सरळ होती. सबंध दोन महिने, दिवसा-रात्री, एकच ऊब.

अशी ऊब कोणत्या ठिकाणी असते, हे शोधायला उज्ज्वलाला यंत्राची गरज पडली नाही. हिवाळ्यात बागेतली कुत्री कुठे जाऊन झोपतात, ते तिनं बावीस वर्षं पाहिलं होतं. ती उठली आणि थेट बांबूच्या बनामागे गेली.

बनामागे खतखड्डा होता. बागेतला पालापाचोळा, देवळातलं निर्माल्य, शेण, सगळं तिथं कुजायला पडायचं आणि कुजताना आतून तापायचं. हा खड्डा गेली अकरा वर्षं गयाबाई शेळक्यांकडे होता. चौसष्ट वर्षांच्या, काटक, मराठवाड्यातून आलेल्या. बोलणं बेताचं. खत तयार झालं की नाही ते त्या कोपर खुपसून सांगत, आणि तापमापकानं मागाहून सांगितलेला आकडा कधी त्यांच्याविरुद्ध गेला नव्हता. त्या खड्ड्यापाशी नव्हत्या. उज्ज्वलानं बाही वर केली आणि कडेच्या थरात कोपरापर्यंत हात घातला. उबदार, ओलसर, छान मऊ. ती चाचपडत राहिली.

"तिथं नाही, मॅडम. जरा डाव्या अंगाला बघा," मागून गयाबाई म्हणाल्या.

पाल्याची पाटी डोक्यावर तशीच घेऊन त्या उभ्या होत्या. पळून जायचा विचार त्यांच्या मनातही आलेला दिसत नव्हता. उज्ज्वलाचा हात डावीकडे सरकला आणि बोटांना फुटक्या टरफलांचा ढीग लागला. तिला राग आला, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिनं तिथल्या तिथे सालटी काढली असती. गयाबाईंच्या हातचा चहा तिनं अकरा वर्षं प्यायला होता. तळं जाईल, एवढंच ती म्हणाली. पाण्यासकट, कासवांसकट, सगळं जाईल, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?

गयाबाईंनी पाटी खाली ठेवली, पदरानं हात पुसले.

"पहिली मुलगी झाली, ती जगली," त्या म्हणाल्या. "तिच्यामागनं दोन बारीला तालुक्याला नेलं. मशीन लावून पोटातलं बघितलं. दोन्ही पोरीच व्हत्या. दोन्ही बारीला सासूनं घरी आल्यावर गरम पाणी काढून ठिवलं व्हतं, बाकी कोनी एक अक्षर बोललं नाही. तिसऱ्या बारीला मुलगा झाला तवा गावभर पेढे वाटले. तुम्ही त्या दिवशी पेढा दिला, तो म्या हातात घेतला, मॅडम. तोंडात गेला नाही."

उज्ज्वलाला ते पेढे आठवले. स्वतःचं ते मोठ्यानं ओरडणंही आठवलं, आणि आपल्याच जिभेची तिला लाज वाटली. तरी तिनं समजावून बघितलं. कासवाची मादी आणि माणसाची लेक एक नव्हे, या परक्या कासवांपायी आपल्या काळ्या कासवीच उपाशी मरतात, मग त्या कोणाच्या लेकी? गयाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तुम्ही शिकलेल्या, तुमचं खरं असंल, असं म्हणाल्या. वाफ्यावरच्या पाटीवरचं 'फक्त नर' दोन वर्षं वाचून वाचून एक दिवस हात आपोआप वाळूत गेला, अधूनमधून दोन-चार अंडी उचलावीत, खतात नेऊन ठेवावीत, निघालेली पिल्लं वाफ्यात आणून सोडावीत, आणि त्या रात्री चांगली झोप लागावी, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

उज्ज्वला निघायला वळली. मुठीत टरफलं होती, ती टाकण्यासाठी तिनं हात उघडला, आणि तिचं लक्ष गेलं. काही टरफलं कातडी वाळावी तशी मऊ, सुरकुतलेली होती. काही मात्र लांबट आणि कडक, कोंबडीच्या अंड्यासारखी खळकन मोडणारी.

"ही लांबट कोणाची?"

"आपल्या काळीची की. मऊ ती पाव्हनीची. अंधारात वाळूत हात घातला तरी बोटांना कळतं," गयाबाई म्हणाल्या. "म्या दोन्ही उचलली. निवडनारी म्या कोन?"

उज्ज्वला तिथंच, खताच्या कडेवर बसून, मऊ आणि लांबट टरफलं वेगळी करू लागली. काठाला जाळी मारली ती सगळ्यांनाच मारली गेली होती. परक्या कासवीला वाफ्याखेरीज जागा नव्हती, तशी काळीलाही नव्हती. आणि अंडं आपलं की परकं, हे वाळूला काय कळणार? पाच वर्षं काळ्या कासवांची पिल्लं त्याच गारव्यात वाढत होती. दरवर्षी ती पाण्यात सोडायची, मोजायची, आणि अहवालात लिहायची, 'देशी प्रजातीची वाढ समाधानकारक'. नर की मादी हे कोणी पाहिलंच नव्हतं. पाहायची मनाई होती. काळं कासव संरक्षित, समितीच्या परवानगीशिवाय त्याला सुईसुद्धा लावायची नाही, असा नियम. चांगल्या हेतूनं केलेला. परवानगीला तीन महिने लागत, आणि आकड्यांत सगळं छान दिसत असताना ती मागायची कोणाला गरज वाटली नव्हती. उज्ज्वलालाही नाही.

वझे यायला चार दिवस होते. उज्ज्वलानं परवानगी मागितली नाही. तिनं घरून वडिलांचं जुनं ओढजाळं आणलं, त्याची भोकं सांधली, आणि दोन सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उतरून या पाच वर्षांतली काळी पिल्लं धरली. गयाबाई काठावर टोपली धरून उभ्या राहिल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी. अडतीस मिळाली. प्रत्येकाच्या रक्ताचा टिपका तिनं थेंबयंत्रावर ठेवला. निळा, निळा, निळा. एकतीस निळे. सात लाल. त्या सातही जणींच्या कवचाचा कीस तिनं घातला. सातही रेघा तेहतीसवर, सरळ.

तळ्यातल्या जुन्या काळ्या कासवींपैकी चार उरल्या होत्या आणि चारही म्हाताऱ्या. म्हणजे गयाबाईंनी वाफ्यांना हात लावला नसता, तर आणखी पंधरा वर्षांनी हरणबागेत काळी कासवं भरपूर असती, गुबगुबीत असती, दगडांवर ऊन खात पडलेली असती, आणि त्यात एकही मादी नसती. सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवत त्यांचा वंश बुडवला असता. उज्ज्वलानं पडदा बंद केला आणि ती कपभर पाणी प्यायली.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर वझे आले. किरकोळ अंगाचे, काटेकोर, कागद उलटा धरला तरी त्यातली चूक काढतील असे. स्वभावानं वाईट मुळीच नव्हते. यंदाच्या पाच माद्यांचं त्यांना वाईट वाटत होतं, पण काळ्या कासवांचे वाढते आकडे बघून ते खूश होते. त्यांच्या पिशवीत दुसरीही एक फाइल होती. राज्यातल्या आणखी एकोणीस तळ्यांवर गारवाफे करण्याची शिफारस, फक्त सही बाकी. हरणबागेतली गळती कुठे आहे तेवढं सापडलं, तर तळं कोरडं करायचं कारण नाही, असं ते आपणहून म्हणाले.

आता बघा, किती सोपं होतं. खतखड्ड्यातून अंडी जात होती, सापडलं, बंद केलं, एवढं सांगितलं की झालं. तळं वाचलं असतं, शुक्रवार चहाबिस्किटांत संपला असता, आणि गयाबाईंना घरी बसवलं की विषय मिटला असता. उज्ज्वलाच्या मनात हे आलं. आलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मग तिनं टेबलावर दोन टरफलं ठेवली, एक मऊ आणि एक लांबट, आणि अडतीस पिल्लांचे निकाल आणि सात ऊबरेघा असलेला कागद वझ्यांपुढे सरकवला.

वझ्यांनी तो दोनदा वाचला. आधी ते सुईवरून चिडले. संरक्षित प्राण्याला परवानगीशिवाय हात लावला म्हणजे काय होऊ शकतं, हे त्यांनी कलमासकट सांगितलं. उज्ज्वलानं मान्य केलं. मग त्यांनी विचारलं, अंडी कोणी हलवली?

"माझ्या तळ्यावर हललीत. माझं नाव लिहा," ती म्हणाली. "आणि त्याच्याखाली हेही लिहा, की ती हलली नसती तर आपण आणखी एकोणीस तळी बुडवणार होतो. मीसुद्धा, तुम्हीसुद्धा."

वझ्यांनी तेहतीसच्या सरळ रेघेवर बोट ठेवलं. ही ऊब कुठली, ती जागा मला दाखवाल का, असं त्यांनी विचारलं. तिथं गेल्यावर या काटेकोर माणसानं पांढऱ्याशुभ्र सदऱ्याची बाही दुमडली आणि खतात कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ तो तसाच ठेवला. परत आल्यावर एकोणीस तळ्यांची फाइल त्यांनी सही न करताच पिशवीत घातली. हरणबागेला एक वर्ष मिळालं. पुढच्या मोसमात बारापैकी चार वाफे उबदार करायचे. अंडी घातली त्याच सकाळी उकरायची, काळी ओळखून उबेत ठेवायची, लाल कानाची गारव्यात. सुईबद्दल चौकशी होईल ती होईल.

एक अडचण राहिली. वाळूतलं ओलं अंडं कोणत्या कासवाचं, हे सांगणारं यंत्र नव्हतं. ताजेपणी दोन्ही टरफलं जवळपास सारखीच ओलसर लागत, फरक उघड दिसे तो वाळल्यावर. लांबी मोजून भागत नव्हतं, लहान-मोठी अंडी सगळीकडेच असतात, आणि प्रखर उजेडात धरलं तर आतला जीव दगावतो. बोटांनी ओळखणारी शहरात एकच बाई होती.

उज्ज्वला स्वतः खतखड्ड्यावर गेली आणि अंडी ओळखायला याल का, असं तिनं विचारलं. गयाबाई पाला खालीवर करत राहिल्या. एक थर पुरा उलटून झाल्यावर दाताळं टेकवून उभ्या राहिल्या.

"ती वाफ्यावरची पाटी काढा. पेढे परत आणायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "आन् हात माजा लागंल, पन तोंड तुमचं लागंल. दर अंड्याला तुम्ही समोर बसायचं आन् तुम्ही सांगायचं, गार का ऊब. म्या एकलीनं कोनाच्याच लेकी थांबवनार नाही."

उज्ज्वलाला ही अट फारच सोपी वाटली. दिवसभर निर्णय घ्यायची तिला सवय होती. तिनं त्याच दिवशी पाटी उतरवली.

माघात पहिली वीण झाली. सकाळचे सात, काठावर धुकं, आणि देवळातल्या घंटेचा आवाज पाण्यावरून येत होता. पाचव्या वाफ्यात दोन कासवी एकामागून एक चढल्याच्या खुणा होत्या, एकीच्या खड्ड्यातच दुसरीनं अंडी घातलेली. गयाबाई वाळूत बसल्या. समोर उज्ज्वला, दोघींच्या मध्ये दोन पाट्या, एकीत थंड वाळू, दुसरीत कोमट. अंडं बाहेर आलं की दहा मिनिटांत जागेवर जायला हवं, आणि काढताना जी बाजू वर होती तीच वर राहायला हवी. गयाबाईंचा हात वाळूत जायचा आणि डोळे मिटलेले असायचे.

"काळीचं," त्या म्हणायच्या.

"ऊब," उज्ज्वला म्हणायची.

"पाव्हनीचं."

"गार."

पहिली आठ-दहा भराभर झाली. फाटकावर बादल्या घेताना बोलते त्याच खणखणीत आवाजात ती सांगत होती. बाराव्या अंड्याला आवाज थोडा खाली आला. गयाबाईंच्या ओंजळीत ते अंडं त्यांच्या हातांच्या उबेनं कोमट झालं होतं, आणि तिनं तोंडानं 'गार' म्हटलं. ते बरोबरच होतं. पाठीमागे दगडावर सात काळ्या पोरी ऊन लागायची वाट बघत बसल्या होत्या, त्यांच्यासाठी ते बरोबर होतं. हे तिला पक्कं माहीत होतं आणि पुढच्या अंड्यालाही ती तेच म्हणणार होती. फक्त दर वेळी गयाबाई डोळे उघडून तिच्याकडे बघत, तिनं म्हणेपर्यंत अंडं हातातून सोडत नसत. तेराव्याला उज्ज्वलानं नजर पाण्याकडे वळवली, तर गयाबाई थांबून राहिल्या, आणि तिला पुन्हा त्यांच्याकडे बघावंच लागलं.

एकोणीस अंडी झाली. विसावं तळाशी होतं. गयाबाईंनी ते दोन्ही हातांनी वर आणलं. अंगठा त्याच्या पाठीवरून फिरवला. पुन्हा फिरवला. फार लांबट नाही, फार गोलही नाही, टरफल धड मऊ नाही आणि धड कडकही नाही. दोन्ही कासवींच्या अंड्यांना मधोमध टेकून रात्रभर पडलेलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच उज्ज्वलानं गयाबाईंच्या कपाळावर आठी पाहिली.

"मॅडम, हे काही माज्या बोटांना कळंना," त्या म्हणाल्या. "आपलीचं असंल, न्हाईतर पाव्हनीचं असंल."

पाखरं पाण्यावर उतरली होती आणि ऊन वाफ्याच्या कडेपर्यंत आलं होतं. दहातली सहा मिनिटं गेली होती. गयाबाईंनी अंडं ओंजळीत तसंच, वरची बाजू वर ठेवून, उज्ज्वलासमोर धरलं.

"सांगा. गार का ऊब?"